पालथी बाजू

॥ श्री बांधाई प्रसन्न ॥

धायरी, पुणे
ता. २८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मैत्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सौमित्रनं मोबाईलवर मोठं करून वाचून दाखवलं. मग त्याला हाकलून मी स्वतः पुन्हा वाचलं. फोनवर बोलायचं म्हटलं की तिकडे तुझी झोपायची वेळ, इकडे माझी दुधाची, आणि मध्येच हे हॉलमधून ओरडून विचारणार की मेक्सिकोत थंडी पडली का. त्यापेक्षा पत्र बरं. मी लिहायचं आणि सौमित्रनं फोटो काढून पाठवायचा. तो फोटो काढता काढता वाचतो हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याची तक्रार सुरुवातीलाच लिहिते. हडपसरहून येताना बाहेर खाऊन येतो आणि घरी भूक नाही म्हणून सांगतो. नवऱ्याला जरा समज दे. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी असताना नवा कागद कशाला?

तू जिचा अभ्यास करायला गेलीस त्या देवीचं चित्र पाहिलं. नाव काही माझ्या तोंडात बसत नाही. मी तिला मनात 'सापांच्या लुगड्याची आई' म्हणते. गळ्यात माणसांचे हात आणि काळजं बघून शेजारच्या शेफालीची आई 'अगंबाई' म्हणाली. मी म्हटलं, आपल्या देवीच्या गळ्यात मुंडकी असतात तेव्हा आपण टाळ्या वाजवून आरती म्हणतोच की.

पण एक गोष्ट मनाला फार लागली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी चौकात खणताना ती सापडली, विद्यापीठात नेऊन ठेवली, आणि तिथले जुने लोक फुलं-मेणबत्त्या घेऊन यायला लागले म्हणून शिकलेल्या लोकांनी तिला परत पुरून टाकलं, असं तू लिहिलंस. फुलं आणली म्हणून पुरलं! ते वाचून मी दुपारी पडले होते ती उठून बसले. कारण इकडेही तसंच काही चाललं आहे.

बांधाजवळचं आपलं शेत बिल्डरला दिलं ते तुला माहीत आहे. चंपाषष्ठीला बांधाई तिथून हलवायची ठरली आहे. लग्नानंतर तू तिची ओटी भरलीस, तो शेंदरानं माखलेला, कासवाच्या पाठीसारखा दगड. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दर मंगळवारी तिला दिवा लावते. बिल्डरनं नव्या फाटकाजवळचा कोपरा तिच्या देवळीसाठी ठेवायचं कबूल केलं आहे, पण नुसतं तोंडी. बद्रीनाथ भावजींचा डोळा त्याच कोपऱ्यावर आहे. तिथे त्यांच्या रविराजला दुकानाचा गाळा निघेल म्हणतात. जाता-येता मला विचारतात, वहिनी, देवीला गिऱ्हाईक किती येतं? थोरले दीर असते तर ऐकून घेतलं असतं. धाकट्याचं किती ऐकायचं?

देवीला जागा मिळेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तब्येत सांभाळ. तिकडचं तिखट आपल्याहून जास्त म्हणतेस, तर दही जवळ ठेव.

तुझी वाट बघणारी,
आई


मेक्सिको सिटी
३ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

सौमित्रला समज दिली. तो म्हणतो आईनं पत्रात टाकलेलं कोर्टात टाकल्यासारखं आहे. आता घरी जेवेल.

तुमचं 'सापांच्या लुगड्याची आई' हे नाव मी इथे माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मराठीत म्हणून बघितलं. खरंही आहे ते. कोआत्लिक्वे म्हणजे तिच्या भाषेत 'सापांचा घागरा असलेली' असंच. पुरलेली ती पुढे पुन्हा वर काढली, आता इथल्या संग्रहालयात आहे. काल परत तिच्यासमोर तासभर बसले. माणसाच्या दीडपट उंच आहे. शाळेची मुलं येतात, हसतात, आणि जवळ गेली की गप्प होतात.

माझा अभ्यास मात्र तिच्या अंगावरच्या सापांचा नाही, तिच्या तळाचा आहे. ॲझटेक शिल्पकार मूर्तीच्या खालची बाजूही कोरत, जी कायम जमिनीला टेकलेली राहणार ती. कोआत्लिक्वेच्या पायाखाली त्यांची भूमिदेवता कोरलेली आहे. एकदा मूर्ती उभी केली की ती कोणाला दिसायची नाही, राजालाही नाही आणि पुजाऱ्यालाही नाही. मीही ती जुन्या रेखाटनातच पाहिली आहे, प्रत्यक्ष नाही. मग एवढी मेहनत कुणासाठी? बाई म्हणतात, जमिनीसाठी. ज्याच्याकडे तोंड, त्याच्यासाठी कोरायचं. मी चार वर्षं या एका वाक्याभोवती फिरते आहे.

म्हणून आई, एक वेडी विनंती. बांधाई उचलतील तेव्हा ती कलती असतानाच खालची बाजू जरा बघाल का? आणि सौमित्रला एक फोटो काढायला सांगाल? काही नसेलही. पण मला आता कुठलाही देव दिसला की त्याच्या खाली काय असेल हेच आधी मनात येतं. सवयच लागली आहे.

मी जिथे राहते त्या आजींच्या स्वयंपाकघरात एक पाटा आहे, आपल्यासारखाच काळ्या दगडाचा, फक्त त्याला तीन पाय आहेत. त्या मिक्सर असूनही त्याच्यावरच वाटतात. काल मला वाटायला दिलं आणि माझ्या हाताकडे बघून परत काढून घेतलं.

काकांना सांगा की देवीला गिऱ्हाईक मी मेक्सिकोहून पाठवते.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
मैत्री


धायरी
ता. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. मैत्रीस,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. कागद पाठकोरेच होते म्हणून फार वाईट वाटलं नाही.

चंपाषष्ठीला सकाळी सगळे जमलो. मी जेसीबी लावू दिला नाही. गुरवानं नारळ फोडला, मी ओटी भरली, आणि माणसांनी पहारी लावून बांधाईला हळूहळू कलती केली. मला तुझं पत्र आठवलं. मी म्हटलं, जरा थांबा, खालची बाजू बघायची आहे, सूनबाईनं सांगितलंय. हे म्हणाले, आता हे काय नवीन? तरी सौमित्र फोटोसाठी पुढे झाला. माती लागली होती म्हणून मीच तांब्याभर पाणी ओतलं.

मैत्री, खाली कोरीव काम नव्हतं. खाली टाकीचे ठोके होते. आपण पाट्याला टाकी लावून घेतो ना, तसे ओळीनं. आणि मध्यभाग वाटून वाटून गुळगुळीत, खोलगट झालेला. एक कोपरा फुटलेला. तिथल्या बायकांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. बांधाई म्हणजे एक मोठा, जुना, पालथा घातलेला पाटा आहे.

पहिले बोलले ते भावजी. चारचौघांत म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं तुम्ही चटणीच्या दगडाला साडी नेसवत होतात की! बिल्डरचा इंजिनिअर तोंड फिरवून हसला. मग भावजींनी लगेच मोजमापाचं काढलं. पाट्याला देवळी कशाला, वहिनींच्या ओट्यावर ठेवा, कोपऱ्यात गाळा काढू. हे चहा सांगून येतो म्हणून निघून गेले. चहा आलाच नाही. इंजिनिअर म्हणाला, घरात एकमत करून सांगा, फाटकाचं काम संक्रांतीनंतर घेणार आहे. म्हणजे जी गोष्ट ठरली होती ती मोडली.

बांधाईला आत्ताच्या भाड्याच्या फ्लॅटवर आणून ड्राय बाल्कनीत ठेवलं आहे, वॉशिंग मशीनच्या शेजारी. खाली पाट ठेवला आहे, अंगावर धुतलेलं पातळ. दुसरीकडे जागा नाही. मशीन लावलं की थरथरते म्हणून मी चार दिवस कपडे हातानं धुते आहे.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावले होते. तू विचारलं नसतंस तर कोणी वाकून बघितलं नसतं. तुमचा अभ्यास होतो, आमचा देव जातो. मग वाटलं, तू काय पाट्यावर ठोके मारायला आली नव्हतीस, ते आधीपासूनच होते.

पण मनातलं कुणाला सांगू? सौमित्रला लहानपणी कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरनं केलं ते केलंच, पण मी रोज बांधावर जाऊन तिच्यापाशी बसत होते. तिच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते. ते कोणी ऐकलं? मला कोणी हसलं त्याचं काही नाही. पण मी एवढं सगळं कुणाशी बोलले, हे मला कळायला हवं. तू देवांचा अभ्यास करतेस, तर तू सांग. उगाच बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तुझी,
आई


मेक्सिको सिटी
१७ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. मी विचारलं ते सवयीनं विचारलं. संग्रहालयातल्या दगडाला विचारतात तसं, ज्याच्यासमोर कोणी रोज दिवा लावत नाही. माझं चुकलं. घरातल्या देवाबद्दल विचारण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

तुम्ही खरं सांग म्हणालात. खरं असं की, मला माहीत नाही. दगड हातात आला की आम्ही एवढंच सांगू शकतो की कुठली बाजू आधी घडली, कुठली नंतर, कुठे हात जास्त फिरला. सौमित्रच्या फोटोवरून एवढं नक्की दिसतं की त्या पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाटलं गेलं आहे. एका बाईच्या हातानं एवढी खोली येत नाही. कोपरा फुटल्यावर कोणीतरी तो पालथा घातला आणि मग शेंदूर लागायला लागला. का घातला, हे फोटोत नाही. तुमचं कोणी ऐकलं, हे तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

एक गोष्ट फक्त सांगते, उत्तर म्हणून नाही. इथे संग्रहालयात एका खांबाखालचा दगड आहे. स्पॅनिश लोकांनी हे शहर जिंकलं, देवळं पाडली, आणि इथल्याच मूर्ती कापून आपल्या इमारतींचे दगड केले. तसाच हाही कापलेला. वरून बघाल तर साधा गोल, खांब पेलणारा. खाली मात्र तीच भूमिदेवता, जशीच्या तशी, जमिनीकडे तोंड करून. पाथरवट इथलेच होते. काही अभ्यासक म्हणतात त्यांनी ती बाजू मुद्दाम राखली. काही म्हणतात, दिसणार नव्हती म्हणून तासायचे कष्ट वाचवले. त्यावर इथे दोन मोठे विद्वान एकमेकांशी बोलत नाहीत. मी दोघांशीही बोलते, त्यामुळे दोघेही माझ्यावर नाराज.

त्यांच्या देवीचा दगड झाला, आपल्या दगडाची देवी झाली. त्या खांबाखाली ती किती वर्षं होती आणि तेव्हा ती कोण होती, हे मला इथे कोणी सांगू शकत नाही.

आणखी एक मागणं आहे, या वेळी आधी विचारून. तुम्हाला चालेल तर त्या टाकीच्या बाजूवर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, म्हणजे ठसा उमटतो. मार्चमध्ये माझं इथे व्याख्यान आहे. तळाच्या बाजूंबद्दल बोलताना तो दाखवावासा वाटतो. नको वाटलं तर नुसतं नको म्हणा, कारण विचारणार नाही.

कपडे हातानं धुऊ नका हो. तुमचा खांदा दुखतो. सौमित्रला सांगितलं आहे मशीन हलवायला.

लोभ होता तसाच ठेवा, एवढंच मागते.
मैत्री


धायरी
ता. १५ जानेवारी २०२५

चि. सौ. मैत्रीस,
अ. उ. आ.

संक्रांतीचा तिळगूळ तुझ्या नावानं सौमित्रला दिला, त्यानं तुझ्या वाटचाही खाल्ला. मशीन त्यानं बाथरूममध्ये नेलं. आता अंघोळीला आडवं होऊन जावं लागतं, पण बांधाई थरथरत नाही.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. तू माहीत नाही म्हणालीस ते मला आवडलं. भावजींना सगळंच माहीत असतं.

मलाही अजून कळलेलं नाही. पण तिला बाल्कनीत आणलं त्याच संध्याकाळी दिवा लावताना हात आपोआप तिकडे गेला. देव्हाऱ्यात लावला आणि दुसरा तिच्यापुढे. मग विचार आला की हा आपण पाट्याला लावला का. तोवर वात पेटली होती, विझवायची कशी? तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही. परवा भोगीचा नैवेद्यही दाखवला. तिळाची भाकरी ठेवताना एवढंच वाटलं, हिला हे नवीन नसणार. हिच्यावरच तीळ कुटले असतील कुणी.

पौष आहे तोवर काही करता येत नाही. रथसप्तमी मंगळवारी येते आहे. त्या दिवशी भावकी बसून कोपऱ्याचं काय ते ठरवणार. फाटकाच्या खांबांचं सामान येऊन पडलं आहे, भावजींनी गाळ्यासाठी चुन्याची फक्की मारून ठेवली आहे. मी गावठाणातून मथुराबाई काकींना बोलावलं आहे. आपल्या घरात आता त्याच सगळ्यांत मोठ्या, ह्यांच्या चुलत्या गेनबांची बायको. ऐकू कमी येतं, पण बोलायला कमी नाहीत.

ठशाचं मागून कळवते.

तुझी,
आई


धायरी
ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मैत्रीस,
अ. उ. आ.

काल रथसप्तमी झाली. सगळं सांगते, घाई करू नकोस.

फाटकाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली होती. बांधाईला गाडीतून आणून, टाकीची बाजू वर करून पाटावर ठेवलं, अजून पातळात गुंडाळलेली. हळदीकुंकवाला म्हणून मी भावकीतल्या बायकांना मुद्दाम तिथेच बोलावलं. भावजी म्हणाले, मीटिंगला हळदीकुंकू कशाला? मी म्हटलं, वाण घेऊन जाल का?

काकी रिक्षातून उतरल्या. भावजींनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सगळं सांगितलं, की देवी नाही, पाटा निघाला, आपली फसगत झाली, आता जागा वाया कशाला घालवायची. काकींनी सगळं ऐकलं. मग पातळ बाजूला करायला लावून पाट्याच्या खोलगट भागावरून हात फिरवला, बराच वेळ. आणि म्हणाल्या, पाटा हाय तर हाय की. मग काय झालं?

भावजी म्हणाले, काकी, पाट्याला कोणी देव म्हणतं का?

काकी म्हणाल्या, का रं बद्री, तुझ्या पाचवीला काय पुजलं व्हतं? म्या सोता मांडली व्हती पूजा. पाट्यावर वरवंटा ठिवला, हळद-कुंकू वाह्यलं, सटवाईला हात जोडलं. ती सटवाई त्या पाट्यावर बसूनच तुझ्या कपाळावर लिवून गेली. काय लिवलं त्ये दिसतंच हाय समद्यांना.

मैत्री, बायका अशा हसल्या की फाटकाजवळचे गवंडी काम सोडून बघायला लागले. हे सुद्धा हसले. मी हसले नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सौमित्रची पाचवी मीच मांडली होती गं. बाळंतिणीच्या खाटेवरून पाट्यापुढे डोकं टेकलं होतं, पोराचं बरं लिही म्हणून. तेव्हा मला पाटा दिसला नव्हता, सटवाई दिसली होती. पुढे त्याच्या काविळीत बांधावर जाऊन मी पुन्हा तिथेच डोकं टेकत होते, आणि इतके दिवस कुणाशी बोलले म्हणून विचारत बसले होते.

काकी पुढे म्हणाल्या, ज्यानं घराला जेवू घातलं त्यो फुटला म्हनून उकिरड्यावर टाकायचा व्हय? आमच्या सासूबाई म्हनायच्या, त्याला बांधावर पालथा घालायचा, म्हंजी ज्या रानाचं वाटलं त्या रानाकडं त्याचं तोंड ऱ्हातं. हे त्यांनी ऐकलेलं, पण बांधाईबद्दलच ऐकलेलं का आणखी कुठल्या पाट्याबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी खोदून विचारलं नाही. मला तुझ्या बाईंचं वाक्य आठवलं, ज्याच्याकडे तोंड त्याच्यासाठी. तिकडच्या त्या पाथरवटांना कळवायची सोय असती तर बरं झालं असतं.

यानंतर हे उठले. चंपाषष्ठीपासून या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. चुन्याची फक्की पायानं पुसली आणि इंजिनिअरला म्हणाले, इथे देवळी होईल, आत्ता कागदावर लिहून द्या. इंजिनिअरनं लिहून दिलं. बांधाई उचलायची वेळ आली तेव्हा भावजी पुढे आले, आणि जड बाजू त्यांनीच धरली. ते मात्र मानलं मी. रविराजला गाळा पलीकडच्या बाजूला मिळेल असं इंजिनिअर म्हणतो, तिथे ऊनही कमी लागतं.

आता ठशाचं. पालथी घालण्याआधी मी हळकुंडं भिजवून आणली होती आणि घरचा वरवंटा. काकींना म्हटलं, एकदा शेवटचं वाटायचं का? त्यांनी पहिला हात दिला, मग मी, मग सगळ्याजणींनी एकेक. कितीतरी वर्षांनी त्या पाट्यावर वाटलं गेलं. काय आवाज होता, मैत्री! तुझ्या नावाचा हात मीच फिरवला, दोनदा, कारण तुझ्या हाताचं तिथल्या आजींनी काय केलं ते तू लिहिलंच आहेस. तुझ्या हातालाही सवय होईल. हळद टाकीच्या ठोक्यांत भरून राहिली, पुसली नाही. तशीच, पिवळी बाजू खाली करून बांधाईला जमिनीवर ठेवलं. वर शेंदूर लावला. आता ती बाजू कोणाला दिसायची नाही.

कागद मी नेला होता, पेन्सिलही. सौमित्र मोबाईल काढून उभा होता. पण मी दोघांनाही नको म्हटलं. तू कारण विचारणार नाही म्हणालीस, तेव्हा लिहीत नाही. आधी काढलेला फोटो तुझ्याकडे आहे, तो दाखवायचा की नाही ते तू ठरव. मी अडवणार नाही. व्याख्यानात एवढं मात्र सांग की खाली काय होतं ते आमच्या घरच्यांनी पाहिलं आणि परत खाली घातलं. पुरलं म्हणू नकोस. त्या तुझ्या आईला पुरलं होतं, हिला बसवलं आहे.

हात कालपासून पिवळे आहेत, दोनदा भांडी घासली तरी जात नाहीत. या कागदावर खाली डावीकडे अंगठ्याचा डाग पडला आहे. सौमित्र म्हणतो, फोटोत स्वच्छ दिसतो. नवीन कागदावर लिहून काढते म्हटलं, तर तो नको म्हणाला. तेवढाच ठसा तुला. सांभाळून ठेव.

मंगळवारी तुझ्या नावाची वात लावते आहे.

तुझी,
आई